मिस ओडेसांची इस्त्री

मिस ओडेसांच्या पर्समध्ये एक कोरा टूथब्रश कायम असायचा. प्लॅस्टिकच्या डबीत, दोन इस्त्रीच्या रुमालांच्या मधे. मला आधी वाटलं, बाईंना जेवल्यावर दात घासायची सवय असेल. अमेरिकेत दातांचे लाड फार. पण तो ब्रश कधी ओला झालेला दिसला नाही, तेव्हा एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "तुरुंगात टूथब्रश देत नाहीत, मिस पी. आणि तुरुंगात कधी जावं लागेल ते कोणी आधी कळवत नाही." तेव्हा त्या साठीला आल्या होत्या. मिनियापोलिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कपड्यांच्या खात्याच्या प्रमुख होत्या, आणि त्यांच्या हातून घडलेला मोठ्यात मोठा गुन्हा म्हणजे लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत करणं. तरी ब्रश होता, आणि दर नव्या वर्षाला तो बदलला जायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नागपूरहून तिकडे गेलो. नवरा, विलास, ईडन प्रेरीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता, आणि मला त्या हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम मिळालं. पहिल्या दिवशी पांढरा कोट घ्यायला तळघरात गेले. काउंटरमागे एक उंच, सडपातळ काळ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी कोट दिला, मी तो अंगात घातला, आणि त्या म्हणाल्या, "काढा. तुमच्या खांद्याचा उतार वेगळा आहे." माझ्यासमोर त्यांनी तो कोट पुन्हा इस्त्री केला. कॉलर आधी, मग खांदा, मग कफ, मग बाह्या, आणि अंग सगळ्यात शेवटी. "लोक अंगापासून सुरू करतात आणि कॉलरपाशी येईतो दमतात. जग कॉलर बघतं."

मी खूश झाले. इस्त्रीचं वेड मला नवीन नव्हतं. भिंतीवर निळ्या सुटातली तसबीर असलेल्या आमच्यापैकी कुठल्याही घरात जा, पोटाला चिमटा असेल, पण जयंतीला साडी पांढरी आणि कडकच असणार. माझी आई तांब्यात निखारे घालून पोलक्यावर फिरवायची. हे मी मिस ओडेसांना सांगितलं तेव्हा त्यांनी तांब्याचं चित्र काढून दाखवायला लावलं, आणि वर विचारलं, "राख पडत नव्हती?" हा प्रश्न ज्याने निखाऱ्याची इस्त्री केली आहे तोच विचारणार.

माझं नाव प्रज्ञा. हॉस्पिटलात बाकीच्यांनी त्याचं 'प्राग्या' करून टाकलं. मिस ओडेसांनी तीनदा प्रयत्न केला, मग म्हणाल्या, "चुकीचं सगळं घेण्यापेक्षा बरोबर तेवढं घेते," आणि मी मिस पी झाले. त्यांच्या खात्यात कालच लागलेला माणूसही मिस्टर असायचा. मोठे डॉक्टर तळघरात येऊन "ओडेसा" म्हणाले, तर त्यांना ऐकू यायचं नाही. अगदी खरंच ऐकू येत नसल्यासारख्या त्या चादरी मोजत राहायच्या. "मिस ओडेसा" म्हटलं की लगेच कान यायचे. त्यांच्या आईला, चार लेकरांच्या बाईला, गोऱ्या घरांतली दुधाचे दात न पडलेली पोरं नुसत्या नावाने हाक मारायची, आणि तिने त्या पोरांना 'मिस्टर' म्हणायचं, हा दक्षिणेतला रिवाज होता. माझ्या आजोबांना गावातली शेंबडी पोरं अरे-तुरे करायची. तो हिशेब मला समजावून सांगावा लागला नाही. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मिस ओडेसांचं बोलणं मला पहिल्या दिवसापासून 'तुम्ही'तच ऐकू आलं, म्हणून इथेही तसंच लिहिते आहे.

जानेवारीत त्यांच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या, नेत्याच्या जयंतीची सुट्टी असते. हॉस्पिटलात त्या आठवड्यात केक कापला जायचा, भाषणातला एक परिच्छेद कोणीतरी गहिवरून वाचायचं, आणि मिस ओडेसांना पहिल्या रांगेत बसवायचे. परत आल्यावर मी विचारायचे, "कसं झालं?" उत्तर ठरलेलं: "केक चांगला होता." एकदा टीव्हीवर मोटारीच्या जाहिरातीत त्यांच्या मोर्च्यातलं गाणं लागलं. मला संताप आला. आमच्या गाण्यांवर कोणी मोटारी विकल्या असत्या, तर मी टीव्ही फोडला असता. त्या शांतपणे म्हणाल्या, "विकू द्या. मोर्च्याला जायला गाडी लागतेच."

आणि फेब्रुवारी हा तिकडे काळ्यांच्या इतिहासाचा महिना, तेव्हा शाळा त्यांना बोलवायच्या. एकदा मी माझ्या लेकीला, मैत्रेयीला, घेऊन तिच्याच शाळेत त्यांचं भाषण ऐकायला बसले. शाळेच्या बाईंनी ओळख करून दिली, की या थोर महिला पस्तीस वर्षांपूर्वी दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर बसल्या. त्या काळी दक्षिणेत काळ्या माणसाने त्या दुकानात पैसे द्यायचे, सामान घ्यायचं, पण तिथल्या स्टुलावर बसून एक सँडविच खायचं नाही. म्हणून मुलं जाऊन नुसती बसायची. अंगावर केचप ओतलं, केस ओढले, सिगारेटचा चटका दिला, तरी पोलीस धरून तुरुंगात नेईपर्यंत बसून राहायची. तर ओळख झाली, टाळ्या झाल्या, आणि मिस ओडेसा उभ्या राहून म्हणाल्या, "मी बसले नाही. मी इस्त्री केली."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिस ओडेसा सांगत गेल्या. काउंटरवर बसायच्या आधी चर्चच्या तळघरात शिकवणी असायची. खुर्चीवर बसायचं, आणि आपलेच दोस्त मागे उभे राहून शिव्या देणार, दूध ओतणार, ढकलणार. ज्याचा हात उठला तो नापास, तो काउंटरवर जाणार नाही. हात उठवणारा एक माणूस सगळ्यांना मार खायला लावतो. मिस ओडेसा तेव्हा पंचविशीच्या, एका धोबीखान्यात कामाला. पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर दूध ओतलं, त्यांनी खुर्ची फेकली. दुसऱ्यांदा केस ओढले, त्यांनी ओढणाऱ्याचं बोट चावलं. तिसऱ्यांदा कोणीतरी आईचं नाव घेतलं. "त्या मुलाचा चष्मा मी भरून दिला," त्या म्हणाल्या, आणि सगळी शाळा हसली. मग शिकवणी घेणारा तरुण थकून म्हणाला, "सिस्टर ओडेसा, तुम्हाला इस्त्री येते ना?"

"सात शर्ट होते," त्या मुलांना म्हणाल्या. "रोज संध्याकाळी ते केचप-मोहरी लागून परत यायचे. मी रोज धुवायची, आणि सकाळी ते कालच्यापेक्षा कडक असायचे. काउंटरवाल्यांना वाटायचं, यांच्याकडे शर्टांचं गोदाम आहे." एका मुलाने विचारलं, पण त्याने काय फरक पडला? त्या म्हणाल्या, "चुरगळलेला शर्ट दिसला की लोक शर्टाकडे बघतात. मला वाटायचं त्यांनी माणसाकडे बघावं." गाडीत बसल्यावर मैत्रेयी म्हणाली, "आई, शी इज सो कूल." मग थोड्या वेळाने, "बट शी वॉन्टेड टू सिट, राइट?"

आठ वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मिस ओडेसांना विचारलं. इस्त्री न थांबवता त्या म्हणाल्या, "रोज. अजूनही. एकदा बसायचं होतं, हात टेबलावर ठेवून. बाकी मला आयुष्यात सगळं मिळालं."

ती संधी चालून आली. हॉस्पिटलचं जेवणघर नवं करकरीत झालं, पुढच्या बाजूला नदीकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या आणि लाकडी टेबलं, मागे भिंतीलगत जुनी प्लॅस्टिकची. आणि एक परिपत्रक निघालं. सगळ्यांना नवे बिल्ले: डॉक्टर, नर्स, लॅबवाले यांच्या बिल्ल्यावर निळी पट्टी, स्वयंपाकघर, सफाई, लाँड्री यांच्यावर करडी. पुढचा भाग निळ्या पट्टीसाठी. कारण दिलं होतं, स्वच्छता.

तो शब्द वाचून मला कडू हसू आलं. या शब्दाशी आमची ओळख जुनी. आणि निळा रंग, जो आम्ही जन्मभर छातीवर मिरवला, तो या वेळी भलत्याच बाजूला होता, माझ्याच कोटावर. मी परिपत्रक घेऊन तळघरात गेले. मिस ओडेसांनी ते दोनदा वाचलं, आणि सुरकुतलेलं होतं म्हणून त्याच्यावरून इस्त्री फिरवली. "स्वच्छता," त्या म्हणाल्या. "या बिल्डिंगमधला प्रत्येक स्वच्छ कपडा माझ्या हातातून जातो. बरं. शनिवारी दुपारी चर्चमध्ये या, मिस पी. जुना ड्रेस घाला."

विलास म्हणाला, "अगं, तू कशाला इन्व्हॉल्व्ह होतेस यार? ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. तुझ्या पट्टीला प्रॉब्लेम नाही ना?" मी म्हटलं, "म्हणूनच." शनिवारी तो मला स्वतः ड्राइव्ह करून चर्चला सोडून आला. माणूस मनाचा चांगला आहे, फक्त त्याला तिथे पोचायला थोडा वेळ लागतो.

चर्चच्या तळघरात लाँड्री आणि स्वयंपाकघरातली अकरा माणसं आली होती. घडीच्या खुर्च्या, केचपच्या बाटल्या, एक बादली. मिस ओडेसांनी नियम सांगितला, पस्तीस वर्षांपूर्वीचाच: हात उठला की नापास. त्यात एक भर स्वतःची घातली: परीक्षा एकदाच. मिस्टर लिरॉय म्हणून लाँड्रीतले एक अवाढव्य गृहस्थ होते. त्यांच्या मानेवरून केचप ओघळलं, आणि ते नुसते डोळे मिटून बसले. एक नवीन लागलेल्या बाई रडल्या, पण हलल्या नाहीत. सगळे पास झाले, मीही. मग मिस ओडेसा स्वतः खुर्चीवर बसल्या. पांढरा ब्लाऊज, दोन्ही हात टेबलावर पालथे. आपण काय बघतो आहोत ते तळघरात सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्यावर दूध ओतलं. त्या हलल्या नाहीत. केस ओढले, खुर्ची ढकलली. आईचं नावही घेतलं. हात टेबलावरच. मग त्या म्हणाल्या, "मिस पी राहिल्या. निळी पट्टी त्यांच्याकडे आहे. त्यांना बोलू द्या."

मला इंग्रजीत शिवी देता येत नाही. तोंडात ती खोटी वाटते. मी त्यांच्या मागे उभी राहिले. मग जे माझ्याकडे होतं तेच बाहेर आलं. आईला तिच्या गावच्या विहिरीवर म्हटलेलं, आणि आईने मला एकदाच, त्याच आवाजात म्हणून दाखवलेलं. मी म्हटलं, "हाड्! लांब उभी राहा. पाण्यावर सावली पडते तुझी."

त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण शब्द संपायच्या आत त्या वळल्या आणि माझ्या गालावर सणसणीत बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मिस्टर लिरॉय "ओ लॉर्ड" म्हणाले.

मिस ओडेसांनी पर्समधला रुमाल काढला, कूलरमधला बर्फ त्यात बांधून माझ्या गालाला लावला. "ही कुठली भाषा?"

"माझी."

"कोणाला म्हणाले होते?"

"आईला. नऊ वर्षांची होती ती."

मग मी त्या शब्दांचा अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली. बर्फ वितळेपर्यंत रुमाल धरून ठेवला. मग सगळ्यांकडे वळून, हवामान सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "मी नापास. चौथ्यांदा. सोमवारी सकाळी सहाला सगळ्यांनी आपापले कपडे माझ्याकडे आणायचे."

मी गयावया केली, की चूक माझी, मी नियमाबाहेरचं बोलले. मिस्टर लिरॉय म्हणाले, "मॅम, तुम्ही नाही बसलात, तर कोण बसणार?" त्या म्हणाल्या, "नियम माझा आहे. तो माझ्यासाठी वाकवला, तर उद्या तुमच्यासाठीही वाकवावा लागेल, मिस्टर लिरॉय, आणि तुमचा हात फार मोठा आहे."

सोमवारी दुपारी अकरा माणसं, रविवारच्या कपड्यांत, ताटं घेऊन खिडकीच्या टेबलांवर जाऊन बसली. तशा कॉलरी त्या हॉस्पिटलने अध्यक्षांच्या भेटीतही पाहिल्या नव्हत्या. जेवणघराचा मॅनेजर आला, उठा म्हणाला. "आम्ही जेवतोय, सर," एवढंच उत्तर. सिक्युरिटीवाला आला, तो मिस ओडेसांच्याच चर्चचा. तो बुटांकडे बघत उभा राहिला. एका घाईतल्या सर्जनने मुद्दाम की चुकून, ताट असं आपटलं की टोमॅटोचं सूप मिस्टर लिरॉयच्या शर्टावर उडालं. मिस्टर लिरॉयनी पावाला लोणी लावलं. मंगळवारी तोच शर्ट, पांढराशुभ्र, त्याच खुर्चीत होता.

मंगळवारी मीही माझा डबा घेऊन त्यांच्यात बसले. आमच्या हॉस्पिटलात पुण्याचे एक हृदयाचे डॉक्टर होते. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं आणि नंतर फारसे बोलले नव्हते. त्या दिवशी वाकून हळूच मराठीत म्हणाले, "यात कशाला पडता? आपण बरं नि आपलं काम बरं. स्वच्छतेचे काही नियम असतात शेवटी." मी म्हटलं, "हो डॉक्टर, ते नियम आमच्याकडे पाठ आहेत." ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवशीची भेंडीची भाजी मला फार छान लागली.

बुधवारी नर्सांनी आपले बिल्ले उलटे लावायला सुरुवात केली. गुरुवारी पट्टी कोणाची कुठली हे कळेनासं झालं. शुक्रवारी नवं परिपत्रक निघालं, की आधीचं छपाईच्या गोंधळातून निघालं होतं. मिस ओडेसांनी त्यालाही इस्त्री केली, आणि दोन्ही कागद तळघराच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले.

सगळे पुढे बसायला लागले. मिस ओडेसा सोडून. त्या तळघरातच, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडायच्या. मी हट्ट करायचे, रागवायचे, एकदा रडलेसुद्धा. उत्तर एकच: "मी पास झालेली नाही, मिस पी." तीन वर्षं हे चाललं. ती चपराक माझ्या गालावरून तासाभरात गेली होती, पण त्या तीन वर्षांत मी खिडकीजवळ बसून एक घास सुखाने खाल्ला नाही. त्यांची एकुलती एक इच्छा माझ्या तोंडामुळे हुकली होती, हे मला दर दुपारी आठवायचं.

मग विलासला सिएटलजवळ, बॉथेलला नोकरी लागली आणि आमचं जायचं ठरलं. योगायोग असा, की त्याच महिन्यात मिस ओडेसा निवृत्त होत होत्या. त्यांच्या शेवटच्या दिवशी केक झाला, भाषणं झाली. मी विचारलं, "कसं झालं?" त्या म्हणाल्या, "केक कोरडा होता. चला, माझ्याबरोबर वर चला."

जेवणघर दुपारचं गच्च भरलेलं. त्यांनी अॅपल पायची एक बशी घेतली आणि सरळ पुढे, नदीकडच्या टेबलाशी गेल्या. पांढरा ब्लाऊज, कॉलर अशी की बोट कापावं. खुर्ची ओढून बसल्या. बशी बाजूला सारली, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"मागे उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "आणि तेच म्हणा."

मी म्हटलं, "नको, मिस ओडेसा."

"परीक्षा एकदाच, हा नियम मीच केला होता. आज पाचपासून मी कामावर नाही. हा एक नियम मी मोडून जाते. बाकीचे तसेच राहतील. म्हणा. त्याच आवाजात."

मी म्हटलं, अगदी हळू. त्या म्हणाल्या, "मोठ्याने." मी मोठ्याने म्हटलं. "हाड्! लांब उभी राहा. पाण्यावर सावली पडते तुझी." आजूबाजूची माणसं आपापलं जेवत राहिली. त्या सबंध हॉलमध्ये ते शब्द कळणारे एकच गृहस्थ होते, पलीकडच्या टेबलावरचे आमचे पुण्याचे डॉक्टर. त्यांचा चमचा हवेत थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान खाली घातली.

मिस ओडेसांचे हात टेबलावरच होते. मनगटाची एक शीर तेवढी उडत होती. "पुन्हा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी माझा आवाज फुटला, आई डोळ्यांपुढे आली, घागर हातात, नऊ वर्षांची, आणि मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. त्या हलल्या नाहीत. नदीकडे बघत बसून राहिल्या, कितीतरी वेळ, जणू त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

मग त्यांनी बशी पुढे ओढली, काट्याने त्या अॅपल पायचे बरोबर दोन भाग केले, आणि शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

"उभ्या का, मिस पी?" त्या म्हणाल्या. "इथे जवळ बसा."